काट्यावर मी दिसलेच नाही

मी एक पांढरी भुकटी बोलतेय. माझं नाव कॅफिन. तुम्ही मला ओळखता, पण या रूपात बहुतेक पाहिलेलं नसेल. तुमच्या सकाळच्या चहात मी असते, कॉफीत त्याहून जास्त असते, कोलाच्या बाटलीत असते, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही असते. तिथे मी इतकी थोडी असते की मला कुणी नावाने ओळखत नाही. 'चहा घेतला, जरा बरं वाटलं' एवढंच लोक म्हणतात.

सध्या मी एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या कपाटात आहे. चंदेरी पाकिटात, ते पाकीट खाकी लिफाफ्यात, आणि लिफाफ्यावर लाखेचं सील. पाकिटावर शंभर ग्रॅम छापलंय. आत तेवढी मी नाही. जी कमी आहे, तिचीच ही हकिकत.

कपाट बंद झालं की आत काही ऐकू येत नाही. मला मात्र एका छातीतले ठोके ऐकू येतात. आधी जोरात, मग फार जोरात, मग वेडेवाकडे. ज्याचे ते होते तो मुलगा आता या जगात नाही. ठोके तेवढे माझ्याजवळ राहिले.

माझा जन्म डोंबिवलीला, मानपाड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात झाला. चहाचा जो चुरा विकण्याजोगा नसतो त्याची पोती तिथे येत. तो चुरा उकळायचा, गाळायचा, त्यातून मला वेगळं काढायचं आणि पुन्हा पुन्हा धुऊन शुद्ध करायचं. शेवटी उरले ते रेशमासारखे चमकणारे बारीक सुयांचे पुंजके. वास नाही. चव इतकी कडू की जिभेवर कण पडला तर तोंड वाकडं होतं. गरम पाण्यात मी चटकन विरघळते, गार पाण्यात जरा वेळ घेते.

पॅकिंगला पोपट नावाचे एक जुने कामगार होते. नाकातोंडावर मास्क आणि हातात मोजे असल्याशिवाय ते कुणाला माझ्याजवळ येऊ देत नसत. लॅबमध्ये नवीन लागलेली माया एकदा त्यांना हसून म्हणाली, "काका, चहातलीच तर वस्तू आहे. एवढं काय घाबरता?"

"अगं, चहाच्या कपात ही चाळीस-पन्नास मिलीग्रॅम असते. चिमटीत पण येणार नाही एवढी," पोपट म्हणाले. "आणि इथे हा पंचवीस किलोचा ड्रम. यातला एक चमचा कुणी खाल्ला ना, तर डॉक्टरपर्यंत पोचेल की नाही सांगता येत नाही."

मला त्या वेळी खरं तर मजा वाटली होती. आपल्याला कुणी इतकं घाबरतं याची मजा. आज ते आठवलं की लाज वाटते.

तो ड्रम औषधं बनवणाऱ्यांसाठी होता आणि त्यातला बराच भाग तिकडेच गेला. थोडा भाग मात्र या हातातून त्या हातात जात एका गाळ्यात पोचला. तिथे मला चंदेरी पाकिटात भरलं. पुढच्या बाजूला धावणाऱ्या माणसाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'शुद्ध'. किती घ्यायची ते मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. आत मोजायला साधा चमचासुद्धा टाकलेला नव्हता.

फोनवरून कुणीतरी मला मागवलं आणि मी ठाण्याला, बाळकुमला आले.

मागवणाऱ्याचं नाव प्रणित. चोवीस वर्षांचा, कोळ्याच्या घरातला. वडील नाथा पूर्वी खाडीत जाळं टाकायचे. खाडीत मासा मिळेनासा झाला तसे ते गावाशेजारच्या टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहू लागले. आई मालू नाक्यावर मासे विकायची. मोठी बहीण मेघाली लग्न होऊन विठ्ठलवाडीला गेलेली. घरात दोन खोल्या, आणि आतल्या खोलीत भिंतीला एक फडताळ. त्या फडताळात, जुन्या वह्यांच्या मागे माझी जागा झाली.

प्रणितला पोलीस व्हायचं होतं. भरतीला तो दोनदा गेलेला. गोळाफेक चांगली, शंभर मीटर चांगलं, पण सोळाशे मीटरला मार खायचा. पूर्ण गुण हवे असतील तर ते अंतर पाच मिनिटं दहा सेकंदांत पळायला लागतं. त्याला पाच चौतीस लागायचे. गावच्या मैदानावर काळुराम सर मुलांची तयारी करून घ्यायचे. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, घड्याळ हातात धरून रोज ओरडायचा. प्रणितने सगळं करून पाहिलं, पण ते चोवीस सेकंद काही सुटत नव्हते.

पाकीट आलं त्या दिवशी त्याने ते शेजारच्या दिपेशला दाखवलं. दिपेश त्याचा शाळेपासूनचा दोस्त, नौपाड्यात एका सराफाच्या दुकानात कामाला. त्याने मागची बारीक अक्षरं फोनचा कॅमेरा लावून वाचली आणि म्हणाला, "भाई, दोनशे मिलीग्रॅम लिहिलंय. हे डोळ्याने नाय मोजायचं. आमच्या दुकानात सोन्याचा काटा आहे, मी करून आणतो."

दिपेश मला दुकानात घेऊन गेला. जेवणाच्या सुट्टीत त्याने काचेच्या पेटीतल्या त्या काट्यावर मला एकेका कणाने टाकलं. दोनशे मिलीग्रॅम म्हणजे त्याच्या करंगळीच्या नखावर मावले. त्याने ते कागदावर घेतलं आणि हसला. एवढंसं तर कागदालाच चिकटून बसणार. म्हणून त्याने खालच्या मेडिकलमधून ग्लुकोजचा डबा आणला आणि प्रत्येक पुडीत चमचाभर ग्लुकोज मिसळलं. तेही पांढरं, मीही पांढरी. अशा वीस पुड्या त्याने बांधल्या.

संध्याकाळी पुड्या आणि उरलेलं पाकीट प्रणितच्या हातात देत तो म्हणाला, "एका वेळी एक. दिवसाला एकच. संपल्या की मला सांग, अजून करून देतो."

ग्लुकोजचं तो बोलला नाही. लपवायचं म्हणून नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

मी माणसाच्या अंगात काय करते ते इथे सांगायला हवं. माणूस दमत जातो तसा त्याच्या मेंदूत एक पदार्थ साठत जातो. तो ठरलेल्या जागांवर जाऊन बसला की मेंदूला कळतं, आता थांबायला हवं. मी त्याच जागांवर त्याच्या आधी जाऊन बसते. दमणूक असते तिथेच असते, फक्त तिचा निरोप पोचत नाही. मी ताकद देते असं लोक म्हणतात. मी निरोप अडवते. हृदयाला मी जास्त पळवते, हातापायांत तरतरी आणते, आणि पाच-सहा तास झाले तरी माझा अर्धा भाग अंगात फिरतच असतो.

पहिल्या पुडीला प्रणित पाच अठ्ठावीसमध्ये पळाला. दहाव्या पुडीला पाच एकवीस. काळुराम सरांनी पाठीवर थाप मारली. त्या दिवशी घरी येऊन त्याने पाकिटाकडे असं पाहिलं, जसं कुणी देवाच्या फोटोकडे पाहतं.

पण त्याची झोप गेली होती. जेवताना घास हातात थरथरायचा. जरा काही झालं की चिडायचा. पुडी न घेतलेल्या दिवशी डोकं धरून बसायचा.

"तुझा हात कापतो रं," मालू एकदा म्हणाली. "ताप हाय का? मना बघू दे."

"काय नाय गं आई, ग्राउंडमुळे होतं."

"येवडा पलाला लागतं तं नको मना ती पोलिशी."

तो हसला आणि हात मांडीखाली लपवला. मी फडताळातून पाहत होते.

त्याच दिवसांत मेघाली माहेरी आली. कुशीत दोन महिन्यांची मुलगी, प्राप्ती. पोर दोन महिने आधीच जन्मली होती, आणि बरेच आठवडे कल्याणच्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. मेघालीने सोबत कापड, झबली, टोपडी आणली, आणि एक लहानशी काचेची बाटली आणली. बाटली तिने माझ्याच फडताळात, वरच्या कप्प्यात ठेवली. बाटलीवरचं नाव वाचून मी दचकले. ती मीच होते.

पहिल्या दुपारी प्रणितने बाळाजवळ बसून विचारलं, "ताई, हे औषध कसलं?"

"अरे, ही झोपेत श्वास घ्यायची विसरायची," मेघाली म्हणाली. "चालता चालता श्वास बंद. काळीनिळी पडायची. मशीन वाजायचं, सिस्टर धावत यायची, तळपायाला टिचकी मारायची, की मग परत चालू. दिवसात पंधरा-पंधरा वेळा. मी काचेबाहेर उभी राहून तिची छाती मोजत बसायचे. मग रुचिता डॉक्टरांनी हे सुरू केलं. म्हणाल्या, कॅफिन आहे, चहा-कॉफीत असतं तेच. मेंदूला जागं ठेवतं, श्वासाची आठवण करून देतं. चार दिवसांत मशीन वाजायचं थांबलं बघ."

"कॅफिन?" प्रणितने पुन्हा विचारलं.

"हो. अजून थोडे दिवस चालू ठेवायचंय. आणि रोज या सिरिंजने द्यायचं, बरोबर या रेषेपर्यंत. एक टिंब वर गेलं तरी सिस्टर ओरडायची मला."

प्रणितने बाटली हातात घेऊन उजेडात धरली. मग बाळाकडे पाहिलं. एका हातात मावेल एवढी ती पोर, आणि तिच्या अंगात रोज मी जात होते, आणि ती जगत होती. त्याच्या मनात काय आलं ते मला तेव्हाच दिसलं. एवढ्याशा जिवाला चालतं, तर मला काय होणार? रेषेचं जे मेघाली बोलली ते त्याच्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही.

दोन दिवसांनी मेघालीने झबली शोधताना वह्या बाजूला केल्या आणि तिला माझं पाकीट दिसलं.

"हे काय रे?"

"प्रोटीन आहे. ग्राउंडसाठी."

तिने पाकीट उलटसुलट केलं. नाव इंग्रजीत होतं, तिरक्या अक्षरांत. तेवढ्यात बाळ रडलं आणि तिने मला जागेवर ठेवून दिलं. ती जराशी थांबली असती तर, असं मी कितीदा म्हणते. तीही म्हणते. मी ऐकलंय.

विसावी पुडी संपली त्या आठवड्यात दिपेश चुलतभावाच्या लग्नाला कोकणात गेला होता. रविवारी दुपारी काळुराम सर सगळ्या मुलांची पूर्ण चाचणी घेणार होते, भरतीच्या मैदानावर घेतात तशी. प्रणितने दिपेशला फोन लावला.

"अरे, मी बुधवारी येतो ना. थांब तोपर्यंत," दिपेशचा आवाज फोनमधून ऐकू आला. मागे सनई वाजत होती. "आणि अंदाजाने घेऊ नकोस हां, प्रणित. मोजल्याशिवाय नको."

"नाय रे, मोजूनच घेईन."

आणि त्याने मोजलं. लोक म्हणतात पोराने निष्काळजीपणा केला. मी तिथे होते, मी सांगते, त्याने मोजलं.

मालू त्या दिवशी लवकर घरी आली होती आणि बाहेर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा माशांचा काटा आतल्या खोलीत होता. बॅटरीवरचा, स्टीलच्या ताटाचा, बोंबलांचे आणि कोळंबीचे वाटे तोलणारा. प्रणितने तो पुसून जमिनीवर ठेवला, वर कागद ठेवला, बटण दाबून आकडा शून्यावर आणला. मग चमच्याने मला कागदावर घेतलं. पुडीत असायची तेवढी. पुडीत चमचाभर पांढरं असायचं, ते त्याने वीस वेळा पाहिलं होतं. त्यातलं ग्लुकोज किती आणि मी किती, हे त्याला माहीत नव्हतं.

काट्यावर शून्य.

त्याने हळूहळू अजून एक चमचा टाकला. चाचणीचा दिवस, जरा जास्त असलेलं बरं. आकडा हलला नाही. तो काटा किलोंनी तोलणारा. त्याला माझ्या एवढ्याशा वजनाची दखलच नव्हती. मी त्याच्या ताटात ढीग होऊन पडले होते आणि तो लाल आकड्यांत सांगत होता की इथे काही नाही.

"काहीच नाय," प्रणित स्वतःशीच पुटपुटला, आणि त्याचा चेहरा सैलावला.

मी आठ ग्रॅम होते. दिपेशच्या चाळीस पुड्या.

मला ओरडता आलं असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते. माझ्याजवळ एक कडूपणा तेवढा होता, आणि तो मी सगळा लावला. त्याने मला कोमट पाण्याच्या बाटलीत ढवळलं, लिंबू पिळलं, साखर टाकली. पहिल्याच घोटाला त्याला उमासा आला. तो थांबला. मला वाटलं, आता ओतून देईल. पण त्याने नाक दाबलं आणि बाटली संपवली. उरलेली मी पाकिटात, वह्यांच्या मागे. तरी पुढचं मला कुणाकडून ऐकावं लागलं नाही. जी आत गेली होती तीही मीच होते.

मैदान घरापासून दहा मिनिटांवर. पोचेपर्यंत त्याच्या हातांना कंप सुटला होता. अंग घामाने भिजलेलं. काळुराम सर म्हणाले, "काय रे, चेहरा असा का? बस जरा."

"नाय सर, ओके आहे."

शिट्टी वाजली. पहिला राउंड तो सगळ्यांच्या पुढे होता. मी त्याच्या मेंदूच्या सगळ्या जागा अडवून बसले होते. थांब म्हणणारा एकही निरोप त्याला मिळत नव्हता. छातीत मात्र ठोके एकमेकांवर चढत होते, एक पुरा व्हायच्या आत दुसरा. दुसऱ्या राउंडच्या वळणावर तो ओकला, गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला.

मुलं धावली. कुणी पाणी मारलं, कुणी ऊन लागलं म्हणालं. काळुराम सरांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "काय घेतलंस? प्रणित, अरे बोल, काय घेतलंस?"

त्याचे दात आपटत होते. त्याने एकच शब्द उच्चारला, माझं नाव. मग त्याला झटका आला.

त्याला हॉस्पिटलात नेताना सरांनी रिक्षातूनच घरी फोन केला. मेघालीने तो घेतला. "कॅफिन?" ती म्हणाली, आणि आधी तिने वरच्या कप्प्यातली बाटली पाहिली. बाटली जशीच्या तशी होती. मग तिला ते पाकीट आठवलं.

ती मला मुठीत धरून हॉस्पिटलात धावत आली. दारात तरुण डॉक्टर उभा होता. त्याने पाकीट ओढून घेतलं, मागची अक्षरं वाचली आणि मला तळहातावर तोलून पाहिलं. "यातलं किती?"

"माहीत नाही. पण डॉक्टर, हे... हेच तर माझ्या बाळाला देतात! रोज देते मी!"

"हेच," डॉक्टर म्हणाला. "थेंब मोजून देता ना तुम्ही?"

मेघाली भिंतीला टेकली.

आत त्यांनी फार झटापट केली. माझा उतारा असं औषध नाही. हृदय आवरायची इंजेक्शनं देतात, रक्तातलं पोटॅशियम सावरतात, रक्त धुणाऱ्या मशीनला लावतात आणि मी ओसरायची वाट पाहतात. मशीन आणेपर्यंत ठोके सुटे सुटे झाले होते. विजेचे धक्के दिले. दोनदा तो परत आला. तिसऱ्यांदा आला नाही. बाहेर अजून दिवस पुरता मावळला नव्हता.

डॉक्टरने पाकीट नाथांच्या हातात दिलं. "हे जपून ठेवा. पोलीस मागतील." नाथांनी मला वॉचमनच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यांच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते. मला ते नको होते.

चार दिवस मी त्या घरात, कपाटाच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत होते. पोलिसांचे जबाब झाले. काट्यावरचा कागद सापडला आणि त्याने मला कशावर तोललं ते सगळ्यांना कळलं. मालूने काटा गोणपाटात गुंडाळून ठेवला आणि ती त्याच्याशेजारी बसून राहिली.

या चार दिवसांत मेघालीने फडताळातल्या बाटलीला हात लावला नाही. विचारायला कुणाला सुचलं नाही. तिने ठरवून टाकलं होतं की हे विष आता लेकीच्या तोंडात घालायचं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मालूच्या मांडीवर प्राप्ती झोपली होती. मालूची नजर सवयीने तिच्या छातीवर होती. छाती हलायची थांबली. ओठांभोवती निळसर झालं.

"मेघा! पोरीचा श्वास गेला!"

मालूने तळपायाला टिचकी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या टिचकीला पोर कण्हली आणि श्वास चालू झाला. मेघालीने कल्याणला फोन लावला. रुचिता डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "औषध चालू आहे ना?"

मेघाली रडायला लागली. "नाही दिलं. चार दिवस. मॅडम, माझा भाऊ..."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मेघाली, तिचा नेहमीचा डोस आत्ता दे आणि लगेच घेऊन ये. रोजची रेष, तेवढाच. तेवढ्याने तिला काही होणार नाही."

मेघालीने बाटली घेतली, पण सिरिंज तिच्या हातात राहीना. ती खाली बसली. "माझ्याने नाही होणार, आई. मला तो दिसतो."

मालूला वाचता येत नाही. मुलगा जाऊन चारच दिवस झाले होते. ती उठली, हात धुतले, पदराने पुसले आणि बाटली घेतली.

"रेघ कंची ती मना दाव."

मेघालीने बोट ठेवलं. मालूने औषध ओढलं, डोळ्यांसमोर धरलं, जरासं जास्त आलेलं परत बाटलीत सोडलं. मग पोरीचा गाल दाबून एक एक थेंब आत सोडला. तिच्या हाताला तेव्हा जरासुद्धा कंप नव्हता. ओठ मात्र हलत होते. ती प्रणितचं नाव घेत होती की देवाचं, ते मला कळलं नाही.

त्या कल्याणला गेल्या आणि त्याच दुपारी पोलीस येऊन पंचनामा करून मला घेऊन गेले. नाथांनी सही केली.

दिपेशचा जबाब महिन्याभराने झाला. माझा लिफाफा टेबलावर होता. दिपेश खूप वाळला होता. "साहेब, मी ग्लुकोज मिसळलेलं. त्याला सांगितलं नाय. एवढं एक वाक्य होतं," असं तो म्हणाला. बाहेरच्या बाकावर मालू आणि मेघाली कुठल्याशा कागदावर अंगठा-सही द्यायला थांबल्या होत्या. जाता जाता तो मालूसमोर उभा राहिला आणि तेच वाक्य तिला सांगितलं.

"तुना मोजून दिलंस रं," ती म्हणाली. "काटा माझा होता. मेघा म्हनते, मी बघितलं न् सोडलं. आता आपुन तिघं हेच म्हनत बसलो तं ती पोर कोन बघंल?"

"कशी आहे ती?"

"औषध सुटलं तिचा. आता आपलाआपला श्वास घेते."

दिपेश तिच्या शेजारी बाकावर बसला.

आता निकाल लागला की मला नष्ट करायचा हुकूम येईल, असं इथले हवालदार म्हणत होते. येऊ दे. मला त्याची भीती नाही. मला भीती वाटते ती अजून कुणाच्या घरी, कपड्यांच्या नाहीतर पुस्तकांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्यासारख्या पाकिटाची. ज्याने ते ठेवलंय त्याला माझं सांगणं आहे. आज घरातल्या कुणाला तरी ते दाखव. त्याला ते वाचू दे, प्रश्न विचारू दे, चिडायचं तर चिडू दे. आणि छातीत धडधडलं, हात कापले, उलटी झाली, तर ऊन लागलं म्हणून पडून राहू नका. डॉक्टरकडे जा आणि माझं नाव सांगा. वेळेवर सांगितलेल्या नावाने माणसं वाचलीही आहेत.

चहा खुशाल प्या. तिथे मी कपात थोडीशी विरघळलेली असते, आणि थोडी असले की माझ्यात कुणाचं वाईट करायचं बळ नसतं.

आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. प्रणितही त्या दुपारी दारातून 'येतो' म्हणूनच गेला होता. मला तो शब्द वापरायचा नाही. मी जाते.